वाण्याची वही आणि ॲपमधली नोंद : एका प्रतिक्रियेला उत्तर

महोदय,

ॲपवरून मिळणाऱ्या ‘खास तुमच्यासाठी’ सेवांविषयीच्या माझ्या लेखावरची आपली प्रतिक्रिया मी दोनदा वाचली. वाण्याची गिऱ्हाइकाशी असलेली ओळख आणि ॲप आपल्याविषयी ठेवते ती नोंद यांत फरक आहे, असे मी त्या लेखात म्हटले होते. आपण दाखवलेली एक चूक मान्य आहे. सिनेमांच्या शिफारशी दहा टक्क्यांनी अधिक अचूक करून दाखवणाऱ्याला दहा लाख डॉलर देण्याची स्पर्धा नेटफ्लिक्सने २००६ मध्ये जाहीर केली. मी लिहिलेले २००९ हे बक्षीस दिल्याचे वर्ष आहे. मात्र एवढ्यावरून सगळा लेख ‘ऐकीव माहितीवर बेतलेला’ ठरवण्याची आपली घाई मला मान्य नाही.

आपण पुढे लिहिता, ‘ज्यांनी एक दिवसही दुकान चालवले नाही, त्यांनी वाण्याच्या आपुलकीवर गळे काढू नयेत, वाणीही गिऱ्हाईक हेरूनच माल विकत असे.’ मतभेदाचे मला वावडे नाही, पण ज्याच्याविषयी आपल्याला काहीही ठाऊक नाही, त्याच्याबद्दल ‘गळे काढणे’ असे लिहिताना आपण क्षणभर थांबायला हवे होते.

माझ्या वडिलांचे सातारा जिल्ह्यातल्या एका बाजारगावी किराणा दुकान होते. सातवीपासून पदवी मिळेपर्यंत शाळा-कॉलेज सुटले की मी गल्ल्यावर बसलो आहे आणि उधारीची वही माझ्या हाताने लिहिली आहे. कोणाच्या घरी साखर कमी लागते, कोणाकडे गौरीला माहेरवाशिणी येणार, कोणाचा पगार दहा तारखेनंतर होतो, हे वडिलांना माहीत असे, कारण ते गिऱ्हाइकाने दुकानाच्या पायरीवर उभे राहून स्वतःच्या तोंडाने सांगितलेले असे. हिशेब पटला नाही तर गिऱ्हाईक वही स्वतःकडे फिरवून घेई आणि बोट ठेवून विचारी. वडिलांचा हात कोणत्या महिन्यात तंग असतो, हे गिऱ्हाइकालाही ठाऊक असे. ओळख दोन्ही बाजूंनी होती आणि भाव पाटीवर खडूने लिहिलेला, सगळ्यांना एकच. याला आपण ‘हेरणे’ म्हणता, याचे मला मनापासून वाईट वाटते.

ॲपमध्ये मी कोणती वस्तू किती वेळ पाहिली, टोपलीत टाकून पुन्हा का काढली, याची नोंद मी काहीही न सांगता होते आणि ती वही माझ्याकडे फिरवण्याची सोय नसते. एकाच प्रवासाला आयफोनवर एक आणि अँड्रॉइडवर दुसरे भाडे दिसते, अशा तक्रारींवरून जानेवारी २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ओला आणि उबरला नोटिसा पाठवल्या. दोन्ही कंपन्यांनी आरोप नाकारला, आणि तो नाकार खराही असेल. पण रस्त्यावर उभ्या असलेल्या प्रवाशाला तो स्वतः पडताळून पाहता येत नाही. आमच्या दुकानात त्याला मान वर करून पाटी वाचता येत होती. लेखाचा सगळा भर याच फरकावर होता आणि आपण नेमका तोच परिच्छेद ओलांडून गेला आहात.

‘माहितीतून नावे काढलेली असतात’ म्हणून निर्धास्त राहावे, असे आपण सुचवता. त्याच नेटफ्लिक्स स्पर्धेसाठी नावे काढून दिलेल्या माहितीतून टेक्सास विद्यापीठातल्या दोन संशोधकांनी काही प्रेक्षक ओळखून दाखवले होते, आणि पुढची नियोजित स्पर्धा २०१० मध्ये कंपनीला रद्द करावी लागली. वर्षाची चूक इतक्या बारकाईने शोधणाऱ्याच्या नजरेतून हे सुटावे, याचे आश्चर्य वाटते.

ज्येष्ठांची सोय आणि वेळेची बचत हे आपले मुद्दे मी लेखात नाकारलेलेच नव्हते, त्यामुळे त्यांना उत्तर देत नाही. ‘आता कायदा आला आहे’ याविषयी एवढेच सांगतो की लोकांच्या वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा हा कायदा २०२३ चा आहे, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि कंपन्यांवरच्या मुख्य बंधनांसाठी त्यानंतर अठरा महिन्यांची मुदत दिलेली आहे.

वर्षाची दुरुस्ती लेखात केली आहे. वाण्याविषयीचा परिच्छेद आहे तसाच राहील.