पेसमेकर परत बदलायच्या खर्चावरून आलेल्या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार, तुमचा रिव्ह्यू वाचला, रिसेप्शनवरून उत्तर द्यायला न सांगता मी स्वतःच लिहितोय. तुमचं म्हणणं असं की ९ वर्षांपूर्वी बाबांना पेसमेकर बसवताना हा एकदाचाच खर्च आहे असं सांगितलं, आणि आता नुसता सेल संपला तर अख्ख्या मशीनचे पैसे लावले, वर दर चेकअपची फी वेगळी.

पुढे कधीतरी पेसमेकरची डबी बदलावी लागणार हे तेव्हाच लेखी द्यायला हवं होतं, आम्ही नाही दिलं. चूक आमचीच आहे, माफ करा. या महिन्यापासून डिस्चार्जच्या कागदावर ते लिहून देतोय.

सेलचं म्हणाल तर तो घड्याळासारखा काढता येत नाही हो. टायटॅनियमची सीलबंद डबी असते, बॅटरी आणि सर्किट आतच, शरीरातलं पाणी शिरू नये म्हणून ती उघडायची सोयच ठेवलेली नसते, म्हणून पूर्ण डबी बदलतात. हृदयात गेलेल्या वायरी चांगल्या होत्या त्या तशाच ठेवल्या, बिलात बघा, लीडचे म्हणजे या वायरींचे पैसे लावलेले नाहीत.

आणि चेकअप. छातीवर यंत्र ठेवून ५ मिनिटांत पैसे घेतात असं तुम्ही लिहिलंय, पण त्याच ५ मिनिटांत हृदयाला ठोका द्यायला किती व्होल्ट पुरतात ते कळतं. वायर नवी असताना साधारण साडेतीन ठेवतो, तीनेक महिन्यांनी ती आत नीट बसली की बऱ्याच जणांचं अडीचवर भागतं, तेव्हा कमी केलं नाही तर बॅटरी उगाच जळत राहते आणि डबी लवकर बदलावी लागते. काही मॉडेल हे आपोआप करतात, सगळी नाही. म्हणून बाकीच्यांनाही हात जोडून सांगतो, चेकअप चुकवू नका, मोठा खर्च त्यानेच लांबतो.

किमतीबद्दल तुमचा राग मला पटतो. स्टेंटला २०१७ मध्ये सरकारने कमाल दर ठरवला, पेसमेकरला तसा नाही, एमआरपी वर्षाला १० टक्क्यांच्या वर वाढवायची नाही एवढंच बंधन. त्यामुळे बॉक्सवरचं एमआरपीचं स्टिकर फाइलला लावलेलं आहे का ते बघून घ्या, तो तुमचा हक्क आहे. ज्यांना झेपत नाही त्यांनी आधी महात्मा फुले योजनेची चौकशी करा, ट्रस्टच्या हॉस्पिटलात निर्धन रुग्णांसाठी १० टक्के खाटा राखीव असतात तेही विचारा.

टाके दाखवायला याल तेव्हा बिल घेऊन या, एकेक ओळ मी स्वतः बसून समजावतो. आणि बाबांचं पेसमेकरचं जुनं कार्ड टाकू नका, वायरींचे नंबर त्यावरच आहेत.