स्पेस फोर्स असताना स्पेस कमांड कशाला? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

अमेरिकेच्या स्पेस कमांडवरचा, म्हणजे अवकाशातल्या लष्करी मोहिमा चालवणाऱ्या मुख्यालयावरचा, माझा लेख तुम्ही बारकाईने वाचलात, त्याबद्दल आभार. तुमचे आक्षेप तीन आहेत. अवकाशासाठी स्पेस फोर्स हे वेगळं सैन्यदल असताना ही कमांड म्हणजे एकाच कामासाठी दोन दरबार, अवकाशात युद्ध झालेलंच नाही तर लढाऊ कमांड कशासाठी, आणि हा 1967 च्या अवकाश कराराचा भंग आहे.

पहिला आक्षेप मला मुळीच मान्य नाही. फौज उभारणारा वेगळा आणि ती लढवणारा वेगळा, ही वाटणी अमेरिकेने ठरवून केली आहे. 1980 मध्ये इराणमधल्या ओलिसांना सोडवण्याची मोहीम फसली. 1983 मध्ये ग्रेनाडा या कॅरिबियन देशावरच्या चढाईत भूदल आणि नौदलाला एकमेकांशी धड संपर्कही साधता येईना. या अनुभवांतून 1986 चा गोल्डवॉटर-निकोल्स कायदा आला. तेव्हापासून सैन्यदलांनी माणसं भरती करायची, तयार करायची, सामग्री पुरवायची. मोहीम मात्र सगळ्या दलांची माणसं असलेल्या संयुक्त कमांडच्या प्रमुखाने चालवायची. त्याला आदेश राष्ट्राध्यक्ष आणि संरक्षणमंत्र्यांकडून येतात, सैन्यदलांचे प्रमुख त्या साखळीत नसतात. स्पेस फोर्स हे सैन्यदल आहे, तर स्पेस कमांड ही अशी संयुक्त कमांड. समुद्रसपाटीपासून 100 किलोमीटरच्या वर तिचं कार्यक्षेत्र सुरू होतं.

गोंधळ होतो त्याला कारण आहे. कमांड 29 ऑगस्ट 2019 ला पुन्हा उभी राहिली, स्पेस फोर्स त्याच वर्षी 20 डिसेंबरला जन्माला आली, आणि सुरुवातीचे काही महिने दोन्हींचे प्रमुख जनरल जॉन रेमंडच होते. पण 2020 मध्ये कमांडवर त्यांच्या जागी आलेले जेम्स डिकिन्सन भूदलाचे जनरल होते. भूदल, नौदल, मरीन कोअर, हवाई दल, सगळ्यांची माणसं तिथे काम करतात. ती स्पेस फोर्सची नक्कल असती, तर भूदलाचा अधिकारी तिचा प्रमुख झालाच नसता.

वर मी 'पुन्हा' उभी राहिली असं म्हटलं, आणि तुमच्या प्रतिक्रियेत नेमका हाच इतिहास सुटला आहे. पहिली स्पेस कमांड 1985 मध्ये स्थापन झाली होती. 11 सप्टेंबरच्या हल्ल्यांनंतर लक्ष मायभूमीच्या संरक्षणाकडे वळलं, नवी नॉर्दर्न कमांड आली आणि ऑक्टोबर 2002 मध्ये स्पेस कमांड मोडून तिचं काम स्ट्रॅटेजिक कमांडकडे गेलं. म्हणजे अण्वस्त्रांची जबाबदारी असलेल्या मुख्यालयात अवकाश हा अनेकांतला एक विषय झाला. तुम्ही सुचवता तीच काटकसर. याच काळात, जानेवारी 2007 मध्ये चीनने स्वतःचा फेंगयुन-1सी हा हवामान उपग्रह क्षेपणास्त्राने फोडला. माग ठेवता येतील असे तीन हजारांहून अधिक तुकडे त्यातून झाले आणि त्यातले बरेच आजही फिरताहेत. 2009 मध्ये इरिडियम या अमेरिकी कंपनीचा चालू उपग्रह आणि रशियाचा निकामी कॉसमॉस एकमेकांवर आदळले. अवकाशाला पूर्णवेळ सेनापती नसणं किती महाग पडू शकतं, हे त्या वर्षांनी दाखवलं, असं माझं ठाम मत आहे.

आता युद्धाबद्दल. अवकाशात उघड युद्ध झालेलं नाही, तरी जमिनीवरची युद्धं उपग्रहांवर चालतात. 8 जानेवारी 2020 च्या रात्री इराणने इराकमधल्या, अमेरिकी सैनिक असलेल्या अल असद तळावर क्षेपणास्त्रं डागली. त्यांच्या ज्वाळांची उष्णता अवकाशातल्या अवरक्त (इन्फ्रारेड) संवेदकांनी टिपली, इशारा गेला, सैनिक आडोशाला पोचले. शंभराहून अधिक जणांच्या मेंदूला इजा झाली, पण जीव एकाचाही गेला नाही. 24 फेब्रुवारी 2022 ला, रशियाने युक्रेनवर चढाई केली त्याच सकाळी, व्हायासॅट या अमेरिकी कंपनीच्या उपग्रह इंटरनेट सेवेवर सायबर हल्ला होऊन हजारो मोडेम बंद पडले. उपग्रहाला धक्काही लागला नव्हता. जीपीएसचे सिग्नल जॅम करणं, ते खोटे करणं, दुसऱ्याच्या उपग्रहाजवळ आपला उपग्रह नेऊन उभा करणं, हे रोजचं झालं आहे. कोण काय करतंय ते ओळखणं हे कमांडचं मोठं काम. कक्षेतल्या हजारो वस्तूंची नोंद ठेवून ती टकरीचे इशारे इतर देशांनाही देते. इस्रोलाही ते मिळतात.

कराराचं थोडक्यात सांगतो. 1967 चा करार कक्षेत अण्वस्त्रं आणि महासंहारक अस्त्रं ठेवायला मनाई करतो, चंद्रावर लष्करी तळ नको म्हणतो. लष्करी उपग्रहांना किंवा ते चालवणाऱ्या मुख्यालयाला त्यात बंदी नाही. ही तरतूद अपुरी आहे, हे तुमचं म्हणणं मात्र मला पटतं.

कमांडचं मुख्यालय कुठे असावं, या निर्णयाच्या खेळखंडोब्यावरचा तुमचा रागही रास्त आहे. जानेवारी 2021 मध्ये अलाबामातलं हंट्सव्हिल, जुलै 2023 मध्ये कोलोरॅडो स्प्रिंग्जच, सप्टेंबर 2025 मध्ये परत हंट्सव्हिल. तिथे काम करणाऱ्या कुटुंबांना अशा अनिश्चिततेत ठेवणं चुकीचं आहे.

शेवटी तुम्ही विचारलंत, भारताला याचं काय? स्वतःचाच उपग्रह क्षेपणास्त्राने पाडण्याची चाचणी, मिशन शक्ती, मार्च 2019 मध्ये झाली. त्याच वर्षी बेंगळुरूत डिफेन्स स्पेस एजन्सी सुरू झाली, तिन्ही दलांची, एअर व्हाइस मार्शल दर्जाच्या अधिकाऱ्याकडे. नौदलाचा जीसॅट-7 आणि हवाई दलाचा जीसॅट-7ए हे उपग्रह त्याआधीपासून कक्षेत होते. उद्या यांपैकी एकाला कुणी त्रास दिला, तर उत्तर द्यायचा आदेश कुणी काढायचा, आणि त्यासाठी एजन्सीचा दर्जा पुरेसा आहे का? मला वाटतं, नाही. तिन्ही दलांना एकेका विभागात एका प्रमुखाखाली आणणाऱ्या थिएटर कमांडची चर्चा चालू असतानाच अवकाशासाठी पूर्ण अधिकाराचा प्रमुख नेमला पाहिजे. यावर तुमचा प्रतिवाद असेल तर जरूर लिहा.