व्हॅन गॉगनं आधी पेन्सिल धरली

पालकांच्या ग्रुपवर तो संदेश पुन्हा फिरतोय: व्हॅन गॉग कुणाकडेही शिकला नाही, सत्ताविसाव्या वर्षी थेट ब्रश उचलला, जिवंतपणी एकही चित्र विकलं गेलं नाही; म्हणजे कला शिकवून येत नाही. मी मुलांना चित्रकला शिकवते. सरावाला कंटाळलेल्या मुलाला यातून आयतं कारण मिळतं, म्हणून हे लिहिते आहे.

‘थेट ब्रश’ म्हणणाऱ्यांनी क्वेमचं घर पाहावं. बेल्जियममधल्या बोरिनाज या कोळसा खाणींच्या भागातलं हे खेडं. धर्मप्रचारकाचं काम सुटल्यावर व्हिन्सेंट व्हॅन गॉग तिथं राहिला आणि १८७९-८०च्या सुमारास त्यानं तिथली घरं रेखाटली. त्यातलं माग्रो कुटुंबाचं घर आज वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरी ऑफ आर्टमध्ये आहे. खाली पेन्सिल, वर कोळसा. मला त्यात चाचपडणारा हात दिसतो, आणि म्हणूनच ते चित्र प्रिय आहे. तैलरंगाकडे तो वळला १८८१च्या अखेरीस.

‘कुणाकडेही शिकला नाही’ हे सरळ खोटं. १८८०मध्ये खाणकामगाराच्या घरी राहताना त्यानं फ्रेंच चित्रकार शार्ल बार्गच्या कोळसा-रेखाटनाच्या धड्यांचे साठही तक्ते गिरवले. त्याच नोव्हेंबरात ब्रुसेल्सच्या अकादमीत नाव घातलं. पुढे हेगला नात्यातल्या आंतोन मोव्ह या चित्रकाराकडे धडे घेतले, १८८६मध्ये अँटवर्पच्या अकादमीत गेला. अकादम्यांत तो टिकला नाही, हे खरं. पण गिरवणं सुटलं नाही. यथार्थदर्शनासाठी, म्हणजे जवळच्या-दूरच्या वस्तूंचं प्रमाण नेमकं दाखवण्यासाठी, १८८२मध्ये त्यानं दोरे ताणलेली चौकट करून घेतली, लोहाराकडून तिला लोखंडी टोकं बसवून घेतली. ती जमिनीत रोवायची आणि दोऱ्यांमधून पाहायचं: छप्पर किती उतरतंय, दाराच्या मानानं झाडाचा बुंधा केवढा. माझ्या वर्गातली मुलं हात ताठ करून पेन्सिलीवर अंगठा सरकवत माप घेतात, तेच हे.

विक्रीचं म्हणाल तर १८८२च्या मार्चमध्ये काकांनी हेगच्या दृश्यांची १२ चित्रं ३० गिल्डर (डच चलन) देऊन काढायला सांगितली होती. १८९०मध्ये ‘लाल द्राक्षमळा’ हे त्याचं चित्र आना बॉक या चित्रकर्तीनं ४०० फ्रँकला घेतलं.

प्रतिभा होतीच, ती कोण नाकारतंय? पण ‘तारांकित रात्र’ हे गाजलेलं चित्र रंगवून वर्ष होत आल्यावर, १८९०च्या जूनमध्ये, फ्रान्समधल्या ओव्हेर गावाहून त्यानं भाऊ थिओकडे काय मागितलं? बार्गचे तेच धडे, पुन्हा गिरवायला. मृत्यूला तेव्हा दोन महिनेही उरले नव्हते.