एमआरएनए लस, डीएनए आणि एक न थांबणारा मेसेज

कोरोनाकाळापासून व्हॉट्सॲपवर एक मेसेज फिरतोय. त्याचं म्हणणं असं: लसीतला एमआरएनए (कोणतं प्रथिन बनवायचं हे पेशीला सांगणारा रेणू) आपला डीएनए बदलतो, तो बदल मुलाबाळांत उतरतो, पेशी आयुष्यभर विषाणूचं प्रथिन बनवत राहतात, आणि लसीमुळे पेशी चुकीची प्रथिनं बनवतात हे आता शास्त्रज्ञांनीच मान्य केलंय. लोक तो काळजीपोटीच पुढे पाठवतात, म्हणून त्याला नीट उत्तर द्यायला हवं.

आधी आपल्याकडचं. महाराष्ट्रात बहुतेकांनी कोव्हिशील्ड किंवा कोव्हॅक्सिन घेतली. दोन्हींत एमआरएनए नाही. कोव्हॅक्सिनमध्ये निष्क्रिय केलेला विषाणू असतो, तर कोव्हिशील्डमध्ये ॲडेनोव्हायरस या दुसऱ्या विषाणूने वाहून आणलेला डीएनए. तो केंद्रकात जातो हे खरं. पण स्वतःला गुणसूत्रात जोडून घेणारं एन्झाइम या विषाणूकडे नसतं. पुण्याच्या जिनोव्हाची एमआरएनए लस जून २०२२ मध्ये मंजूर झाली, तोवर बहुतेकांचे दोन डोस होऊन गेले होते.

‘डीएनए बदलतो.’ आपला डीएनए पेशीच्या केंद्रकात असतो, तर एमआरएनएचं काम केंद्रकाबाहेर, पेशीद्रवात चालतं. तिथे रायबोसोम, म्हणजे पेशीतलं प्रथिन बनवणारं यंत्र, त्यावरची अक्षरं तीन-तीनच्या गटाने वाचतो आणि प्रत्येक त्रिकुटामागे एक अमिनो आम्ल जोडत जातो. आरएनएपासून डीएनए बनायला वेगळं एन्झाइम लागतं. एचआयव्ही ते स्वतःबरोबर आणतो, लसीत ते नसतं. स्वीडनमधल्या २०२२ च्या ज्या अभ्यासाचा हवाला दिला जातो, तो खरा आहे. पण तो यकृताच्या कर्करोगातून वाढवलेल्या पेशींवर प्रयोगशाळेत झाला, आणि तिथे तयार झालेला डीएनए गुणसूत्रात शिरल्याचं त्यात दाखवलेलं नाही. मुलांत बदल उतरायचा तर बीजपेशींचा डीएनए बदलावा लागेल. त्याचाही पुरावा नाही.

‘आयुष्यभर.’ लस पेशीला विषाणूचं जे प्रथिन बनवायला सांगते, त्या स्पाइक प्रथिनात १२७३ अमिनो आम्लं असतात. रायबोसोम सेकंदाला पाचेक जोडतो, म्हणजे एक प्रथिन चारेक मिनिटांत तयार. पण पेशीतली एन्झाइमं एमआरएनए तोडत असतात. लसीकाग्रंथींत (लिम्फ नोड्समध्ये) त्याचे अंश काही आठवडे सापडले आहेत. कायमची निर्मिती कुठेही दिसलेली नाही.

‘चुकीची प्रथिनं.’ इथे मेसेजमध्ये तथ्य आहे, आणि ते मोकळेपणाने सांगायला हवं. शरीराने परका आरएनए म्हणून गजर करू नये यासाठी लसीत ‘यू’ या अक्षराचं बदललेलं रूप वापरतात. या वाटेवरच्या मूळ शोधासाठी कॅटलिन कारिको आणि ड्रू वाइसमन यांना २०२३ चं नोबेल मिळालं. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये केंब्रिजच्या संशोधकांनी दाखवलं, की अशी अक्षरं सलग आली की रायबोसोम कधीकधी अडखळतो आणि एक अक्षर पुढे घसरतो. मग तिथून पुढचं प्रत्येक त्रिकुट वेगळं वाचलं जातं आणि प्रथिन भलतंच बनतं. लस घेतलेल्या काहींच्या शरीरात अशा प्रथिनांना प्रतिकारशक्तीने प्रतिसाद दिल्याचंही आढळलं. त्यातून अपाय झाल्याचं मात्र दिसलं नाही. शिवाय ही चूक वाचनातली आहे, डीएनएला तिचा स्पर्शही होत नाही.

उपायही त्याच शोधनिबंधात आहे. फेनिलअलॅनिन या अमिनो आम्लासाठी ‘यूयूयू’ आणि ‘यूयूसी’ ही दोन्ही त्रिकुटं चालतात. घसरणीच्या जागी अशी पर्यायी अक्षरं घातली, तर प्रथिन तेच राहतं आणि घसरणं कमी होतं, हे संशोधकांनी प्रयोगाने दाखवलं. मेसेजमध्ये नेमका हा भाग नाही.