गिटारीच्या माथ्यावरचे नाव

गिटार घरी बनवणे हे फारसे अवघड काम नाही, असे माझे आता ठाम मत झाले आहे. बाजूच्या पट्ट्या वाफेवर वाकवाव्या लागतात, पडदे, म्हणजे गळ्यावरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या, मिलिमीटरच्याही अंशापर्यंत अचूक बसवावे लागतात आणि तारा चढवल्यावर त्या जिथे अडकवतात तो पूल उखडून येणार नाही ना, या धास्तीने रात्री जागून काढाव्या लागतात हे खरे. परंतु या साऱ्या काळात घरातले कोणीही तुमच्या कामात लक्ष घालत नाही. खरा त्रास सुरू होतो तो हेडस्टॉकवर, म्हणजे तारांच्या खुंट्या असतात त्या माथ्यावर, नाव टाकायचे ठरल्यानंतर. वरची फळी सीडरच्या लाकडाची चांगली की स्प्रूसच्या, याच्याशी ज्यांना काडीचे देणेघेणे नसते, त्या सर्वांना अक्षरे मात्र वाचता येतात.

वडिलांचे म्हणणे असे पडले की, काहीही लिही, पण आधी ‘श्री’ घाल. काकांनी कुठूनसे अमेरिकेतल्या मार्टिन कंपनीच्या हेडस्टॉकचे छायाचित्र शोधून काढले आणि त्यावर १८३३ हे स्थापनेचे साल छापलेले असते, तेव्हा आपणही साल टाकावे, असा आग्रह धरला. चालू साल टाकलेली गिटार ही कोपऱ्यावर नव्याने उघडलेल्या अमृततुल्यासारखी दिसेल, हे त्यांना काही केल्या पटेना. बायको म्हणाली, “तो तुझा स्पेनचा तोरेस नाव आतल्या कागदावर लिहायचा ना? माथा कोराच ठेवायचा. त्याचं काही अडलं का?” अंतोनियो दे तोरेसचे काही अडले नाही, कारण आजची क्लासिकल गिटार ज्या घडणीची असते ती घडण एकोणिसाव्या शतकात त्यानेच रूढ केली. माझी गिटार पाहून ती कोणाची असावी, हे आपण होऊन ओळखणारा माणूस अद्याप जन्माला आलेला नाही. शेवटी ‘गांधार’ हे नाव ठरले, ते कोणाला फार आवडले म्हणून नव्हे, तर कोणालाच पुरेसे नावडले नाही म्हणून.

मग आडवे की उभे, हा प्रश्न आला. फेंडर या अमेरिकी गिटार कंपनीच्या पद्धतीत सहाही खुंट्या एका बाजूला असतात आणि नाव माथ्याच्या लांबीवर झोपवलेले असते, त्यामुळे वाजवणाऱ्याने गिटार हातात धरली की श्रोत्यांना ते सरळ वाचता येते. माझ्या गिटारीला तीन-तीन खुंट्या दोन्हीकडे असल्याने नाव रुंदीवर येते आणि गिटार स्टँडवर उभी असेल तेव्हाच नीट वाचता येते. माझी गिटार बहुतेक वेळ स्टँडवरच असते, त्यामुळे ही सोयच झाली.

सर्वांत स्वस्त मार्ग डेकलचा. विशिष्ट कागदावर नाव छापायचे, तो पाण्यात भिजवायचा, सुटून आलेली पातळ फिल्म अलगद लाकडावर सरकवायची आणि वरून लॅकरचे, म्हणजे चकचकीत रोगणाचे, हात मारायचे. १९५१ साली फेंडरच्या एका गिटारीच्या ‘ब्रॉडकास्टर’ या नावाला ग्रेच कंपनीने हरकत घेतली, कारण त्यांचे ड्रम त्याच उच्चाराच्या नावाने विकले जात होते. फेंडरच्या लोकांनी शिल्लक डेकल फेकून न देता त्यातला ‘ब्रॉडकास्टर’ तेवढा कापून टाकला आणि उरलेले ‘फेंडर’ चिकटवले. ‘टेलिकास्टर’ हे नवे नाव येईपर्यंत बाहेर पडलेल्या त्या गिटारींना संग्राहक ‘नोकास्टर’ म्हणतात आणि त्यांच्यासाठी भरमसाट पैसे मोजतात. काटकसरीचा एवढा घसघशीत परतावा आमच्या पेठेतसुद्धा कोणाला मिळालेला नाही.

झेरॉक्सच्या दुकानातल्या मुलाने तो कागद दोन बोटांत धरून उजेडासमोर नेला. “काका, हा आत वितळला तर?” लेझर प्रिंटरसाठीचाच कागद आहे, हे त्याला पाकीट दाखवून पटवले, तेव्हा त्याने मालकांना हाक मारली आणि मालकांनी “लग्नाची आहे का?” असे विचारले. छपाई झाली, पण सोनेरी अक्षरे मोहरीच्या रंगाची आली. “अहो, मशीनमध्ये सोनेरी नसतो. पांढराही नसतो. पांढरा म्हणजे आपला कागद,” असे मालकांनी शांतपणे सांगितले. डेकलला तर मागचा कागदच उरत नाही. शिसवीच्या काळपट माथ्यावर ते नाव सरकवताच दिसेनासे झाले.

रेडियमवाल्याने नंबरप्लेटा बाजूला सारून पांढरे नाव झटक्यात कापून दिले, वर “खाली जागा आहे, ‘आईचा आशीर्वाद’ टाकू का?” असेही विचारले. शिरोरेषेमुळे आपली अक्षरे एकमेकांना धरून राहतात, म्हणून सगळे नाव सहज उचलले गेले. अनुस्वार तेवढा मागच्या कागदावरच बसून राहिला. चाचणीच्या तुकड्यावर लॅकर मारले, तर त्यातल्या थिनरने त्या पट्टीच्या कडा आक्रसल्या आणि ‘गाधार’ हळूहळू वळू लागले.

उरला शिंपल्याच्या जडावाचा मार्ग. जेमतेम दीड मिलिमीटर जाडीच्या शिंपल्यावर नाव चिकटवून ते सोनारी करवतीने कापायचे असते. पाते केसासारखे बारीक असते आणि ‘ध’च्या आतल्या वळणावर हमखास तुटते. भुकटी छातीत जाऊ नये म्हणून तोंडाला मास्क लावून आणि शिंपला ओला ठेवून काम करावे लागते, त्यामुळे “चहा घेणार का?” या प्रश्नालाही मानेनेच उत्तर द्यावे लागते. अक्षरांच्या आकाराचे खाच कोरून त्यात ती बसवली आणि फटींमध्ये शिसवीचा भुसा कालवलेले इपॉक्सी, म्हणजे घट्ट वाळणारा गोंद, भरले. या भुशाचा शोध ज्याने लावला, त्याने जगातल्या निम्म्या कारागिरांची अब्रू वाचवली आहे. अनुस्वारासाठी गिटारीच्या गळ्याच्या कडेला पडद्यांची खूण म्हणून लावतात तो दोन मिलिमीटरचा तयार ठिपका मिळाला आणि तो पहिल्याच प्रयत्नात चपखल बसला. घासून, लॅकर मारून, पुन्हा घासून झाल्यावर ते नाव खरोखर चमकू लागले, हे वडिलांनीही ‘श्री’चा विषय पुन्हा काढून का होईना, पण मान्य केले.

रविवारी भाचा आला. त्याने गिटार मांडीवर घेतली, खिशातून चिमट्याचा ट्यूनर काढला आणि सूर लावण्यासाठी तो माथ्यावर बरोबर मधोमध अडकवला. गिटार तो तासभर वाजवत होता आणि समोर बसलेल्या आम्हा सर्वांना ट्यूनरच्या कंपनीचे नाव अगदी स्पष्ट वाचता येत होते.