‘जरा अवघड आहे’ म्हणजे नाही

माझा एक विद्यार्थी चाकणच्या एका कारखान्यात दुभाषाचं काम करतो. मागच्या महिन्यात क्लासला आला तो चेहरा पाडूनच. मीटिंगमध्ये जपानी साहेब म्हणाले, "चोत्तो मुझुकाशीई देस ने." यानं जसंच्या तसं सांगितलं, "जरा अवघड आहे." आपली मंडळी समजली, अवघड आहे पण होईल, आणि लागली कामाला. साहेबांनी तर तिथेच नकार दिला होता.

बोलणी त्यानं खाल्ली. चूक मात्र आम्हा शिकवणाऱ्यांची आहे. पुण्यात जपानी शिकणारे भरपूर, आणि सगळ्यांची धाव जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेतल्या एन-थ्री, एन-टू या पातळ्यांकडे. या परीक्षेत शब्द, व्याकरण, वाचन, श्रवण सगळं आहे, बोलण्याचा पेपरच नाही. मग नकार कसा ओळखायचा हे वर्गात शिकवायचं राहून जातं. मीसुद्धा इतकी वर्षं ते घाईत उरकत आले.

खरं तर मराठी मुलांना हे सांगायला कितीसा वेळ लागतो? स्थळ नको असलं की आपण "पत्रिका जुळत नाही" म्हणतो आणि समोरचे काय ते समजतात. निघताना आपण "येतो" म्हणतो, जपानी माणूस घरातून बाहेर पडताना "इत्ते किमास" म्हणतो, म्हणजे "जाऊन येतो". तिकडे उत्तरेला डोकं करून झोपत नाहीत, कारण मृताला तसं ठेवतात. हे सांगितलं तेव्हा वर्गातली एक मुलगी एकदम म्हणाली, "मॅडम, माझी आजीपण तसं झोपू देत नाही!"

आभारांचं मात्र अगदी उलट. आपल्याकडे जवळच्या मैत्रिणीला थँक्यू म्हटलं तर "परकी समजतेस का गं?" असं ऐकावं लागतं. तिथे काल कुणी जेवायला घातलं असेल, तर आज भेटल्यावर पुन्हा त्याचे आभार मानायचे. आपली मुलं गप्प राहतात. मनात कृतज्ञता असते, पण समोरच्याला ती दिसत नाही. याचं मला फार वाईट वाटतं.

म्हणून आता नव्या बॅचचा पहिला तास व्याकरणाचा घेणार नाही. आधी आपल्याच घरातलं बोलणं. बांगडी फुटली न म्हणता वाढवली म्हणतात, दिवा विझवला न म्हणता मालवला म्हणतात, तसं. तुमच्याकडे कुठले शब्द टाळतात, त्याऐवजी काय म्हणतात, ते खाली लिहा. शनिवारी मला वर्गात हवे आहेत.