गंजके लोखंड विकले तर किती येतील?

आज सकाळी आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर कोणीतरी ‘यॉर्कटाउन’ या बुडालेल्या अमेरिकन विमानवाहू नौकेचा व्हिडिओ टाकला. त्याखाली एका सुशिक्षित आणि एरवी सज्जन म्हणता येतील अशा गृहस्थांनी लिहिले, “एवढे गंजके लोखंड वर काढून विकले तर किती येतील?” त्याला अकरा जणांनी हसणारे चेहरे लावले. मी उत्तर लिहायला घेतले, दोनदा खोडले, गॅसवरचा चहा उतू गेला, आणि मग ठरवले की तिथे भांडण्यापेक्षा इथे, माझ्याच माणसांत, सविस्तर लिहावे.

यॉर्कटाउन ४ जून १९४२ रोजी, दुसऱ्या महायुद्धात, प्रशांत महासागरातल्या मिडवे बेटांजवळ जपानशी झालेल्या लढाईत जखमी झाली. ती एका बाजूला कलू लागली तेव्हा भार हलका करण्यासाठी खलाशांनी तोफा आणि विमानेसुद्धा समुद्रात लोटून दिली. दोन दिवसांनी एका जपानी पाणबुडीने तिच्यावर पाणतीर सोडले आणि ७ जूनच्या सकाळी ती बुडाली. आज ती प्रशांत महासागरात पाच किलोमीटरपेक्षा जास्त खोलीवर सरळ बसलेली आहे. कळसूबाईवर कळसूबाई आणि त्यावर आणखी एक कळसूबाई रचली, तरी शिखर पाण्याबाहेर येणार नाही, एवढी ती खोली आहे. तिथे नखाएवढ्या जागेवर अर्धा टन भार पडतो. एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेच्या सागरी संस्थेचे दूरनियंत्रित यंत्र तिथे उतरले, तेव्हा हँगरच्या, म्हणजे विमाने ठेवण्याच्या दालनाच्या, काळोखात चक्क एक मोटारगाडी दिसली. १९४० किंवा ४१ सालची, लाकडी अंगाची फोर्ड असावी, असे जाणकार सांगतात. विमाने टाकून दिली आणि मोटार मात्र ठेवली, ती का, यावर लोक अजून डोके खाजवत आहेत. व्हिडिओतली ही गाडी बघून आमच्या गृहस्थांना भंगाराचा भाव आठवला.

मला माझा मामा आठवला. मामा मूळचा वेंगुर्ल्याचा. तरुणपणी ‘विक्रांत’ या आपल्या विमानवाहू नौकेवर होता आणि हँगरमध्ये सी हॉक विमानांची देखभाल करायचा. नौका निवृत्त होऊन मुंबईत संग्रहालय म्हणून उभी होती, तेव्हा एका डिसेंबरात मी त्याला घेऊन गेले. माहितीचे फलक, मांडलेली विमाने, फोटो काढणारी गर्दी यांतल्या कशाकडेही त्याने पाहिले नाही. तो थेट हँगरमधल्या लिफ्टजवळच्या एका जाड पाइपाशी गेला, त्याच्या मागच्या बाजूला हात घातला आणि मला म्हणाला, “हात लाव हय. लागता मां?” रंगाच्या पाच-सहा थरांखाली बोटाला दोन अक्षरे लागत होती. १९७१ साली खिळ्याने कोरलेली त्याच्या नावाची आद्याक्षरे. डोळ्यांना काहीच दिसत नव्हते, पण बोटाला लागत होते.

आता यॉर्कटाउनकडे परत येते, कारण व्हिडिओतल्या ज्या भागाकडे ग्रुपवर कोणाचेच लक्ष गेले नाही तो मोटारीचा नव्हताच. त्याच मोहिमेत विमानांच्या लिफ्टच्या भिंतीवर खलाशांनी हाताने रंगवलेला जगाचा भला थोरला नकाशा सापडला. नौका कुठून कुठे गेली ते सारे प्रवास त्यावर रेषांनी काढलेले आहेत. तो सुमारे ४२ फूट लांब आणि १२ फूट उंच आहे. जुन्या छायाचित्रांत त्याचे तुकडे दिसायचे. संपूर्ण नकाशा एवढ्या वर्षांत कोणी पाहिला नव्हता. गंज तिथेही चढतो, पण थंडीत आणि काळोखात सावकाश चढतो, आणि त्या भिंतीवर ब्याऐंशी-त्र्याऐंशी वर्षांनंतरही रंग शिल्लक आहे. कोणीतरी शिडीवर चढून, रंगाचा डबा एका हातात धरून, आपल्या नौकेचा मार्ग त्यावर ओढला असेल, आणि शेजारी उभा असलेला एखादा “रेघ वाकडी गेली” म्हणून हसला असेल. लिफ्टशेजारीच तर मामाचा पाइप होता.

बुडालेल्या नौका शोधायला एवढा पैसा कशाला, असे विचारणाऱ्यांना माझे एक उत्तर ठरलेले आहे, पण आधी एक गोष्ट मान्य करते: यातल्या अनेक मोहिमा एका अब्जाधीशाच्या हौशीवर चालल्या. मायक्रोसॉफ्टचे सहसंस्थापक पॉल अॅलन यांच्या ‘पेट्रेल’ जहाजाने २०१८ मध्ये कोरल समुद्रात ‘लेक्सिंग्टन’ ही अमेरिकन विमानवाहू नौका शोधली, आणि त्यांच्या निधनानंतर २०१९ मध्ये त्याच जहाजाने ‘वास्प’, ‘हॉर्नेट’ या आणखी दोन अमेरिकन नौका आणि पुढे मिडवेजवळ जपानची ‘कागा’ व ‘अकागी’ शोधल्या. बरे, हौस होती. आपल्याकडे हौशीने काय काय बांधले जाते ते आपण सारे पाहतोच. इथे निदान शेतात औत फिरवावे तसे तास धरून, ध्वनिलहरींवर चालणाऱ्या सोनार यंत्राने समुद्रतळाची पट्टी अन् पट्टी तपासणारी माणसे पोसली गेली. लेक्सिंग्टनच्या अवशेषांत एका वाइल्डकॅट विमानावर कार्टूनमधले फेलिक्स मांजर आणि त्याच्याजवळ पाडलेल्या जपानी विमानांच्या खुणेचे चिमुकले झेंडे जसेच्या तसे दिसले. ती माणसे हे सारे पाहतात, चित्रित करतात आणि काहीही न उचलता परत येतात. नेमकी जागाही जाहीर करत नाहीत, कारण ती थडगी आहेत. हे एवढे साधे सौजन्य आमच्या ग्रुपला समजावून सांगावे लागते, याचाच मला जास्त राग आला आहे.

“हे सगळे त्यांचे, आपला काय संबंध?” असेही एका ताईंनी विचारले. त्यांना ‘अकागी’ची कहाणी सांगायला हवी. पर्ल हार्बरवर हल्ला करणाऱ्या ताफ्याची हीच प्रमुख नौका एप्रिल १९४२ मध्ये हिंदी महासागरात आली होती. ५ एप्रिलला त्या ताफ्याच्या विमानांनी कोलंबोवर बाँब टाकले, आणि ९ एप्रिलला श्रीलंकेच्या बट्टिकलोआजवळ ब्रिटिशांची ‘हर्मिस’ बुडवली. विमानवाहू म्हणूनच जिचा आराखडा झाला अशी ही जगातली पहिली नौका. तिच्यावरची तीनशे सात माणसे गेली. मधल्याच दिवशी, ६ एप्रिलला, जपानच्या दुसऱ्या एका ताफ्याच्या विमानांनी आपल्या विशाखापट्टणमवर आणि काकिनाड्यावरही बाँब टाकले. दोनच महिन्यांनी अकागी स्वतः मिडवेला जळाली, आणि आज सुमारे साडेपाच किलोमीटर खाली पडली आहे. २०२३ च्या सप्टेंबरात ‘नॉटिलस’ जहाजाच्या मोहिमेने तिची पहिली तपशीलवार पाहणी केली, तेव्हा जपानी आणि अमेरिकी अभ्यासक जगभरातून एकाच वेळी तेच चित्रण पाहत होते. बुडालेल्या हर्मिसचे नाव पुढे ब्रिटिशांनी दुसऱ्या विमानवाहू नौकेला दिले. ती आपण विकत घेतली, १९८७ मध्ये तिचे नाव ‘विराट’ ठेवले, आणि तीस वर्षे वापरली. नावाने जुळलेल्या या दोन बहिणींपैकी बाँब पडून बुडालेली पहिली अजून समुद्रात आहे. सिंधुदुर्गात जिच्या संग्रहालयाचे बेत झाले होते ती दुसरी २०२० मध्ये गुजरातेत, जहाजे तोडण्याच्या अलंगच्या किनाऱ्यावर चढवली गेली आणि तिचे तुकडे झाले.

तेव्हा, गंजके लोखंड विकले तर किती येतील, या प्रश्नाचे उत्तर आपल्याला आधीच माहीत आहे. विक्रांतचे सुमारे साठ कोटी आले. २०१४ मध्ये लिलाव झाला आणि त्याच वर्षाअखेर मुंबईतल्या दारुखाना या जहाजे तोडण्याच्या जागी तिच्यावर गॅस कटर चालू लागले. तिचा सांगाडा धोक्याचा झाला होता आणि देखभालीचा खर्च अवाढव्य होता, हे खरे आहे, आणि ते मला कोणी पुन्हा सांगू नये. मामाने वर्तमानपत्रातला फोटो बराच वेळ डोळ्यांजवळ धरला आणि एवढेच विचारले, “तो पाइप खंय गेलो आसात?” माझ्याकडे उत्तर नव्हते. मुंबईत ट्रॅफिकला लागून असलेल्या त्या नौकेवरची दोन अक्षरे आपल्याला सांभाळता आली नाहीत, आणि पाच किलोमीटर पाण्याखालचा नकाशा मात्र टिकला, हे मला आज सकाळपासून पचत नाही.

भंगाराचा हिशोब करणारे फक्त आमच्याच ग्रुपवर आहेत असे नाही. जावा समुद्रात १९४२ मध्ये बुडालेल्या डच युद्धनौका २००२ मध्ये सापडल्या होत्या. २०१६ मध्ये पाणबुडे पुन्हा गेले तर दोन अख्ख्या क्रूझर नौका जागेवर नव्हत्या. तळावर फक्त त्यांच्या आकाराचा खड्डा उरला होता. माणसांच्या अस्थींसकट लोखंड चोरीला गेले. मिडवेच्या नौका वाचल्या त्या खोलीमुळे. चोरांना तिथवर पोहोचणे परवडत नाही, इतकेच.

लिहिता लिहिता राग थोडा उतरला आहे, म्हणून १९९८ चे एक सांगते. अमेरिकन समुद्रशोधक रॉबर्ट बॅलार्ड यांनी यॉर्कटाउन शोधली त्या मोहिमेत त्यांनी मिडवेला प्रत्यक्ष लढलेली चार वृद्ध माणसे जहाजावर नेली होती. दोन अमेरिकन आणि दोन जपानी. छप्पन्न वर्षांपूर्वी जे एकमेकांच्या नौका बुडवायला निघाले होते, ते एकाच जहाजावर एकत्र होते. हे मी मामाला सांगितले होते. १९७१ च्या युद्धात ‘गाझी’ ही पाकिस्तानी पाणबुडी विक्रांतला बुडवायलाच आली होती आणि स्वतःच विशाखापट्टणमजवळ तळाला गेली, त्यामुळे मामाला तिच्याविषयी राग असेल असे मला वाटायचे. तो म्हणाला, त्यांना आहेत तिथेच राहू द्यावे, त्यांचीही आई वाट बघत बसली असेल.

पुढे विक्रांतच्या पोलादाचा अंश घालून एक मोटारसायकल बाजारात आली. माझ्या मावसभावाने ती हौसेने घेतली आणि दाखवायला घरी आणली. मामा तेव्हा काठी घेऊन चालत होता. तो अंगणात आला, टाकीवरून हळूहळू बोट फिरवू लागला, मग पलीकडे वळसा घालून त्या बाजूनेही फिरवले. मावसभावाला वाटले की तो रंगाचे कौतुक करतो आहे, आणि तो त्याला मायलेज सांगत राहिला.